पाण्यावरची खूण

‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. उत्पन्नाची आणि खर्चाची सांगड, प्रपंचाची आणि परमार्थाची सांगड, सासूच्या आणि सुनेच्या स्वभावाची सांगड! परंतु ही सांगड मुळात काय वस्तू आहे, असे वर्गात विचारले तर चाळीसच्या चाळीस मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. सांगड ही नदीकाठची वस्तू आहे. दोन होड्या, दोन ओंडके किंवा वाळके भोपळे एकमेकांना बांधून पाण्यावर तरंगेल असे जे साधन करीत, ती सांगड. नद्यांवर पूल नव्हते, तेव्हा माणसे, धान्य आणि लग्नाची वऱ्हाडेसुद्धा असल्या साधनांवर विसंबून पैलतीर गाठीत. आमच्या सांगलीत १९२९ साली कृष्णेवर आयर्विन पूल झाला. हळूहळू सांगड पाण्यातून उठून भाषेत येऊन बसली. वस्तू बुडाली, शब्द तरंगत राहिला.

या सांगडीतला भोपळा हा आमच्या भागाचा जुना सोबती. विहिरीवर पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला पूर्वी वाळका भोपळा बांधीत. पुढे त्याची जागा पत्र्याच्या डब्याने घेतली, मग मोटारीच्या ट्यूबने आणि आता प्लॅस्टिकच्या कॅनने. शेजारच्या मिरजेत तोच भोपळा तारा लावून गाऊ लागतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सगळ्यांनी कारागिरांचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. मला मात्र त्या मुक्या फळाचेही कौतुक वाटले. आतला गर गेला, पोकळी उरली, आणि त्या पोकळीच्या जोरावर ते एकीकडे माणूस तारते आणि दुसरीकडे सूर धरते! पोकळपणाची निंदा करणाऱ्या उपदेशकांनी एकदा मिरजेला येऊन जावे.

तरंगणाऱ्या वस्तूंच्या मात्र दोन जाती आहेत. एक माणसाला वर धरणारी. भोपळा, डबा, सांगड या सगळ्या त्या जातीच्या. दुसरी जात अशी की ती माणसाला तसूभरही उचलीत नाही. माणूस खाली बुडालेला असतो, स्वतःच्या मर्जीने बुडालेला असतो, आणि ही वस्तू वर पाण्यावर डुलत एवढेच सांगते की, ‘याच्या खाली एक जीव आहे.’ या दुसऱ्या जातीबद्दल मला आज लिहायचे आहे. तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो पाण्याबाहेरच्या माणसांनाही सुटलेला नाही.

समुद्राच्या तळाशी जाऊन तिथले विश्व पाहणे ही आता केवळ आरमारी पाणबुड्यांची मिरास राहिलेली नाही. फ्रान्समध्ये १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, कूस्तो आणि गान्यां या दोघांनी पाठीवरच्या नळकांड्यातली हवा माणसाला लागेल तशी आणि लागेल तेवढीच देणारे यंत्र सिद्ध केले. तेव्हापासून सामान्य माणसालाही माशांच्या घरी पाहुणे म्हणून जाता येऊ लागले. आपल्या मालवण-तारकर्लीला आता या विद्येचे शिक्षण मिळते. सुट्टीत सांगली-कोल्हापूरकडची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे तिथे जातात आणि डोळ्यांवर काच लावून सिंधुदुर्गाच्या आसपासचे प्रवाळ पाहून येतात. परंतु पाणबुड्याची एक अडचण आहे. तो खाली गेला की जगाला दिसेनासा होतो. त्याच्या श्वासाचे बुडबुडे वर येतात खरे. पण थोडी लाट असली, थोडे ऊन चमकत असले की ते कुणाच्या लक्षात येत नाहीत. वरून यांत्रिक होड्या जात असतात. खालचा प्रवाह त्याला न कळत दूर नेतो. तो जिथे उतरला तिथे त्याचे सोबती वाट पाहत असतात आणि तो उगवतो भलतीकडेच. समुद्रात माणसाचे डोके नारळाएवढे दिसते आणि शंभर हातांवर तेही दिसत नाही. म्हणून पाणबुड्ये आपल्याबरोबर एक रंगीत तरंगती खूण बाळगतात. खुणेला दोर असतो, दोराचे दुसरे टोक पाणबुड्याच्या हातात. तो खाली चालेल तशी खूण वर चालते. कोकणातला कोळी आपल्या जाळ्याला बोया बांधतो, तसाच हा माणसाला बांधलेला बोया. फरक एवढाच की जाळे चुकले तर पुन्हा विणता येते.

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा मालवणकडे या कामावर आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तो गावी आला आणि स्वतःसाठी अशी एक खूण त्याने आमच्याच अंगणात बसून तयार केली. बाजारात तयार मिळते. परंतु घरी करण्यात त्याला रस. मला हस्तव्यवसायाचा तास घ्यावा लागतो, त्यामुळे मीही मांडा ठोकून बसलो. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन त्याने सोड्याने धुऊन वाळवला. आत थर्माकोलचे तुकडे ठासून भरले. “असं का रे?” मी विचारले. “सर, कॅनला भोक पडलं तरी पानी किती शिरंल? थर्माकोलएवढी जागा त्येला मिळणारच न्हाई.” बूच चिकटवून बंद केले. वरून नारिंगी रंगाचे दोन हात दिले. रात्री उजेड पडला की चमकणारी, ट्रकच्या पाठीला लावतात तसली पट्टी गुंडाळली. मग एक बांबूची काठी कॅनला उभी आवळली. काठीच्या वरच्या टोकाला झेंडा आणि खालच्या टोकाला शिशाचा गोळा. तो गोळा नसता तर कॅन झेंड्यासकट आडवा झोपला असता. वर ताठ उभे राहायचे तर खाली वजन हवे, हे आम्ही मुलांना चारित्र्यासंबंधी सांगतो. त्याने ते बांबूला करून दाखवले. शेवटी पतंगाची असते तशी लाकडी आसारी आणि तिच्यावर दोर. पाणी जितके खोल, त्याहून दोर बराच लांब, कारण प्रवाह दोराला सरळ राहू देत नाही, तिरका ओढतो. दोर निवडतानाही त्याने विचार केला होता. काही दोर पाण्यावर तरंगतात, त्यांचे वेढे वर पसरतात आणि होडीच्या पंख्यात अडकतात. म्हणून किंचित बुडणारा दोर बरा.

सारे झाल्यावर आम्ही कॅन विहिरीवर नेला. तो दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून पाहा, असे त्याने मला सांगितले. पाच लिटर पाणी बाजूला सारायचे म्हणजे जवळजवळ पाच किलोचा रेटा. आर्किमिडीज मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवला आहे. त्या दिवशी तो माझ्या मनगटांना भेटला.

याच वेळी त्या मुलाचे वडील विहिरीच्या काठावर येऊन उभे राहिले. हा माणूस आमच्या भागातला नावाजलेला पोहणारा. भर पुरात कृष्णा पार करून पलीकडच्या काठाला हात लावून आलेला. त्यांनी झेंड्याकडे पाहिले आणि मिशीत हसून म्हणाले, “आरं, पुरात उडी टाकताना आमी काय झेंडा लावून जात हुतो व्हय? बुडी मारल्याली साऱ्या गावाला कळाय पायजे, ती कसली बुडी?”

मुलगा खाली मान घालून दोर गुंडाळत होता. तो म्हणाला, “आबा, झेंडा माज्यासाठी न्हाई. वर जी थांबत्यात त्यांच्यासाठी हाय. एकोणीसच्या पुरात तुमी म्हस सोडवाय गेला. कुनाला सांगून न्हाई गेला. आय दोन राती पत्र्यावर बसून हुती. तिला कुठं बगायचं तेबी ठाव नव्हतं.”

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि ते गोठ्याकडे निघून गेले. ज्या म्हशीसाठी ते गेले होते, ती अजून त्या गोठ्यात होती.

२०१९ सालच्या ऑगस्टातला तो पूर सांगलीकर जन्मभर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, असे आमच्याकडे लहान मुलालाही पाठ असते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायकामुलांसह अनेक माणसे गेली. अशा दिवसांत जो माणूस एकटा पाण्यात उतरतो, तो शूर असतो यात शंका नाही. प्रश्न शौर्याचा नाहीच. प्रश्न असा आहे की, आपला जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मानले, तरी आपण कुठे आहोत हे इतरांपासून लपवण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

त्या वडिलांची बाजू वाटते तितकी लंगडी नाही, आणि ती नीट मांडल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. माणसाच्या आयुष्यात काही बुड्या अशा असतात की त्या कुणाला न सांगता मारण्यातच त्यांचे सत्त्व असते. दान करणारा खूण ठेवू लागला की दानाची जाहिरात होते. एकांतात बसलेल्या माणसाने दाराबाहेर ‘मी एकांतात आहे’ अशी पाटी लावली की त्याचा अर्धा एकांत पाटीपाशी खर्च होतो. शिवाय ज्याच्यावर सारखी नजर आहे, तो माणूस स्वतःच्या बळावर पोहायला कधी शिकायचा? पाठीचा डबा सोडल्यावाचून पोहणे येत नाही, हे प्रत्येक विहीर सांगते.

आणि वरची माणसे नेहमी आपलीच असतात असेही नाही. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. तटावरून त्यांनी खंदकात उड्या घेतल्या. मागे पोलिसांच्या बंदुका होत्या आणि पावसाळ्यातली कृष्णा समोर होती. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना त्या दिवशी वीरमरण आले. ज्या वर्षी फ्रान्समध्ये माणूस पाण्याखाली श्वास घ्यायला शिकला, त्याच वर्षी सांगलीत माणसांना आपला माग पुसत पळावे लागले. अशा वेळी खूण म्हणजे मरण. भूमिगत हा शब्दच सांगतो की जमिनीच्या वर ज्यांची सत्ता आहे ते आपले नाहीत. म्हणून खूण करावी की न करावी हे वर कोण उभे आहे त्यावर ठरते. बंदुका उभ्या असतील तर बुडी निनावी असावी. परंतु वर आई उभी असेल, तर?

इथे मला आमच्या भोपळ्याची एक लांबची बहीण आठवते. कोरियाच्या दक्षिणेला जेजू नावाचे बेट आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुडी मारून शिंपले आणि शेवाळ काढतात. त्यांना हेन्यो म्हणतात. पाठीवर हवेचे नळकांडे नाही, काही नाही. छातीत मावेल तेवढ्या श्वासावर त्या तळ गाठतात. साठी-सत्तरी उलटलेल्या आज्याही त्यांत आहेत. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या या परंपरेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. या बायका पाण्यावर एक तरंगती वस्तू सोडतात, तिला तेवाक म्हणतात. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हा तेवाक वाळक्या भोपळ्याचा असे! पुढे त्याची जागा फोमने घेतली, जशी आमच्याकडे डब्याने घेतली. त्याच्याखाली जाळी टांगलेली असते, तळावरून आणलेला माल तीत टाकायचा, तेवाकाला बिलगून दम घ्यायचा, पुन्हा खाली जायचे. वर येताना त्या कोंडलेला श्वास शिटीसारखा सोडतात. त्या कधी एकट्या जात नाहीत. शेजारचा तेवाक दिसतो आहे, पण शिटी ऐकू येत नाही, असे झाले की दुसरी बाई लगेच तिकडे वळते.

या बायकांपेक्षा पाण्याची ओळख अधिक असलेले कोण आहे? त्यांच्याइतका दम आपल्यापैकी कुणाच्या छातीत आहे? तरी त्यांना भोपळा लावून घेण्यात कमीपणा वाटला नाही. त्यांच्या धैर्यातला कणभरही भोपळ्याने घेतला नाही, कारण खाली त्यांना जावे लागते ते स्वतःलाच. खूण कुणाला तारीत नाही. ती फक्त शोध लहान करते. सबंध समुद्र धुंडाळण्याऐवजी दहा हातांचे वर्तुळ धुंडाळावे, एवढेच तिचे म्हणणे. आणि शोध लहान करणे ही स्वतःवरची दया नसून इतरांवरची दया आहे. बुडालेल्या माणसाला काढायला गेलेली माणसे बुडाल्याच्या कहाण्या प्रत्येक डोहाला आहेत. मी न सांगता गेलो तर माझ्यामागे कुणीतरी येणारच, आणि त्याला किती खोल, किती दूर जावे लागेल हे माझ्या अबोल्याने ठरवलेले असेल. म्हणजे जीव मी एकट्याचाच पणाला लावला, हे म्हणणे हिशेबाला उतरत नाही. पत्र्यावर बसलेली बाई त्या डावात न विचारता ओढली गेलेली असते.

खूण लावणाऱ्याचे कर्तव्य इथे संपते आणि पाहणाऱ्याचे सुरू होते. पाण्यावरचा झेंडा हा शब्द आहे, आणि शब्द दोघांना समजला तरच शब्द. तांबड्या झेंड्यावर तिरपा पांढरा पट्टा, किंवा पांढरा-निळा झेंडा, यांचा अर्थ जगभर ठरलेला आहे: खाली पाणबुडा आहे, जपून जा, दूर राहा. हा अर्थ ज्या नावाड्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ती एक चिंधी. ठाऊक असून जो वेग कमी करीत नाही, त्याचा अपराध मात्र अज्ञानाच्या सबबीवर सुटत नाही. दिसेपर्यंत आपण मोकळे असतो. दिसले की बांधले जातो. म्हणूनच पुष्कळ लोक पाहण्याचे टाळतात. रस्त्यात पडलेला माणूस पाहिला तर थांबावे लागेल, म्हणून आपण समोरच्या दुकानाची पाटी मोठ्या एकाग्रतेने वाचतो.

उलट बाजूने, ज्याने खूण लावली त्याने ती खरी ठेवली पाहिजे. बुडी संपली, पाणबुडा काठावर येऊन चहा पितो आहे आणि झेंडा पाण्यावर तसाच डुलतो आहे, असे चार वेळा झाले की पाचव्या वेळी नावाडी वेग कमी करीत नाही. लबाड खूण एका माणसाला फसवून थांबत नाही, ती सगळ्या खुणांची पत घालवते. घरातसुद्धा हेच चालते. उठल्यासुटल्या ‘मी आता जगत नाही’ म्हणणारे माणूस आपल्या नकळत दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या हाकेचा आवाज बसवीत असते.

आता दोराकडे वळू, कारण माझ्या मते सारे मर्म दोरात आहे. त्या मुलाने दोन नियम सांगितले. पहिला असा की, दोर अंगाला कधी बांधायचा नाही. आसारी हातात धरायची. एखाद्या होडीत झेंडा अडकला आणि होडी निघाली, तर हातातली आसारी सोडून देता येते. कमरेची गाठ सुटत नाही. दुसरा नियम वरच्या माणसांसाठी. झेंडा दिसला म्हणून उत्साहाने दोर ओढायचा नाही! समुद्रात दहा मीटर खाली हवेवरचा दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. तिथे छातीत घेतलेला श्वास वर येताना फुगत जातो. दहा मीटरवरचा एक फुगा पृष्ठावर येईपर्यंत दोन फुग्यांएवढा होतो. म्हणून पाणबुड्याने श्वास न कोंडता, मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या बेताने, सावकाश वर यायचे असते. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून अंगात मुरलेली हवा निघू द्यायची असते. घाबरून त्याला कुणी झपाट्याने ओढून काढले, तर ज्या पाण्याने त्याला काही केले नसते, त्याच पाण्यातून काढणाऱ्याचे प्रेम त्याची फुप्फुसे फाडील.

हे ऐकल्यापासून मला कितीतरी घरे वेगळी दिसू लागली आहेत. मुलगी पुण्याला शिकायला गेली. तिच्या खिशातल्या मोबाइलवरून ती या घटकेला कुठल्या चौकात आहे हे सांगलीत बसून आईबापांना दिसते. खूण तर उत्तम आहे. कुठल्याही बोयाहून उत्तम. परंतु तीन वाजता ती ग्रंथालयाऐवजी दुसरीकडे दिसली की दोर ओढला जातो. फोनवर फोन. मग मुलगी काय करते? खूणच बंद करून ठेवते. मुले आपल्याला सांगत नाहीत, अशी तक्रार घेऊन पालक माझ्याकडे येतात, तेव्हा मला विचारावेसे वाटते की, त्यांनी सांगितले तेव्हा तुम्ही दोर हातात नुसता धरला होता की ओढला होता? ज्या घरात प्रत्येक खुणेला ओढ बसते, त्या घरातली मुले निनावी बुड्या मारायला शिकतात. आणि जो दोर मुलाच्या कमरेला गाठ मारून बांधलेला आहे, तो कितीही रेशमी असला तरी तिसऱ्याच होडीत अडकू शकतो.

याच्या उलटची घरेही आहेत. तिथे कुणी ओढीत नाही, कारण वर कुणी पाहतच नसते. वर्गात तिसऱ्या बाकावर एखादे मूल बसलेले असते. पुस्तक उघडे, नजर अक्षरांवर, आणि ते स्वतः कुठल्या तरी वीस मीटर खोल दुःखात. त्याच्याजवळ झेंडा नसतो. झेंडा कसा करायचा हे त्याला कुणी शिकवलेले नसते. उलट ‘रडतोस काय बायकांसारखा’ असे सांगून, होता तोही काढून घेतलेला असतो. आपण मुलांना पोहायला शिकवतो, उत्तम करतो. ‘मी इथे खाली आहे’ एवढे लाज न वाटता सांगायला शिकवणे, हेही पोहण्याच्याच धड्यातले एक अंग मानले पाहिजे. आणि हा धडा मोठ्या पोहणाऱ्यांनी आधी स्वतः गिरवला पाहिजे, कारण पोरे विहिरीत उपदेश ऐकून उड्या टाकीत नाहीत, बापाला पाहून टाकतात.

राहता राहिला प्रश्न घरी करण्याचा. विकत मिळत असताना खूण स्वतः कशासाठी करायची? पैसे वाचतात, हे उत्तर खरे पण उथळ आहे. ज्याने गाठ स्वतः मारली त्याला कोणती गाठ कच्ची आहे हे ठाऊक असते. विकतच्या वस्तूवर आपण विश्वास टाकतो; केलेल्या वस्तूला आपण ओळखतो. मात्र याच्यात एक मोहही आहे. स्वतःच्या हातचे म्हणून त्याचे दोष न दिसणे, हा कवीपासून सुतारापर्यंत सगळ्यांना जडणारा रोग. म्हणूनच त्या मुलाने कॅन आधी विहिरीत दाबून पाहिला, दुसऱ्याच्या हातांनी दाबून पाहिला, आणि एक रात्रभर दगड बांधून पाण्याखाली ठेवला. सकाळी बूच उघडून आतले थर्माकोल बोटांनी चाचपले. कोरडे होते. मग नवे बूच चिकटवले. आपल्या हाताच्या कामावर प्रेम करावे आणि त्याची परीक्षा परक्याच्या कठोरपणाने घ्यावी, हे ज्याला साधले त्याला खूण घरी करण्याचा अधिकार आहे. ज्याला साधले नाही त्याने बाजारातून आणावी. जिवाच्या कामात स्वावलंबनाची हौस पुरेशी नाही.

शिवाय खूण ही प्रत्येकाची निराळी असते. त्या वडिलांना उद्या कुणी नारिंगी कॅन दिला तरी ते तो पाण्यात नेणार नाहीत, हे मी जाणतो. पण गोठ्यातून निघताना ‘मळवीच्या अंगाला जातोय गं’ एवढे चार शब्द घरात टाकून जाणे, हीसुद्धा खूणच आहे. तिला थर्माकोल लागत नाही, शिसे लागत नाही. आपल्या जुन्या बायका म्हणत, ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे. त्या शब्दात दोराची दोन्ही टोके आहेत. जाणाऱ्याने परतण्याचे वचन दिले, आणि राहणाऱ्याला वाट पाहण्याची दिशा मिळाली.

आणि दिवाळीच्या दिवसांत हे लिहीत असताना खिडकीतून समोर काय दिसते? दारोदार आकाशकंदील टांगलेले. कामट्या तासून, पतंगी कागद चिकटवून, खळीने बोटे माखून पोरांनी केलेले काही. बाजारातून आणलेले पुष्कळ. त्यांच्या उजेडात कुणी वाचीत नाही, कुणी स्वयंपाक करीत नाही. घराला त्यांचा तसा काडीचा उपयोग नाही. जुनी माणसे सांगत, तो उंचावरचा दिवा पितरांना वाट दिसावी म्हणून. पितरांचे मला ठाऊक नाही. परंतु मुंबईहून, पुण्याहून रात्रीच्या गाडीने येणारे, पिशव्या सांभाळत अंधाऱ्या गल्लीतून चालणारे माणूस लांबूनच तो कंदील पाहते आणि त्याची पावले आपोआप भरभर पडू लागतात. समुद्रातली खूण बुडालेल्याने वरच्यांसाठी लावायची असते. ही वरच्यांनी लावलेली आहे, दूर गेलेल्यांसाठी. दोन्ही खुणा लागलेल्या असल्या म्हणजे मधल्या अंधाराची फारशी भीती उरत नाही. यंदा कंदील लावताना घरातल्या ज्या माणसाचा बरेच दिवस ठावठिकाणा कळलेला नाही, त्याला एक पत्र किंवा एक फोन जरूर करावा. आणि त्याने ‘मी इथे आहे’ म्हटले, तर ‘तिथे कशाला गेलास?’ हा प्रश्न निदान भाऊबीजेपर्यंत विचारू नये.